एकतीस नंबरच्या पट्टीची आंधळी फेरी

सोमवार, ४ मार्च

एकतीस नंबरची पट्टी आज पावली. पहारेकरी चालू केला आणि पट्टीतून जाणारा करंट साडेचारपट झाला. बंद केला, उतरला. पुन्हा चालू केला, पुन्हा चढला. घाई खुर्चीवरून उठली ती अनवाणीच मॅडमच्या खोलीत पळाली, चपला टेबलाखाली तशाच. घाई म्हणजे आमच्या लॅबमध्ये पीएचडी करणारी मुलगी. पाच वर्षांपूर्वी आली तेव्हा एकेक पायरी सोडून जिने चढायची, म्हणून मी हे नाव ठेवलं. आता सगळेच म्हणतात आणि तीही चिडत नाही. मॅडम आल्या, आकडे तीनदा पाहिले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "ताई, बसा, आज चहा मी करते." चहा वाईट होता.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांचा सुतारकामाचा धंदा, लाकूड सोडून कशावर विश्वास नाही. "नुसतं बघितल्यानं करंट वाढतो?" म्हटलं, तसंच. आमची पट्टी मुद्दाम ओबडधोबड केलेली असते. इलेक्ट्रॉन तिच्यातून लाटेसारखा जातो, चहूकडे आपटतो, आणि स्वतःच्याच परतलेल्या लाटांत अडकून बसतो. कडक थंडीत तर पक्का अडकतो. पट्टीला खेटून एक बारीक यंत्र असतं, ते इलेक्ट्रॉन कुठे आहे याचा सतत माग घेतं. तो आमचा पहारेकरी. त्यानं माग घेतला की लाटांचा मेळ बिघडतो आणि अडकलेला इलेक्ट्रॉन सुटून पुढे सरकतो. स्वच्छ धातूत हेच केलं तर उलट वाट अडते.

हे म्हणाले, "म्हणजे माझ्या कारागिरांसारखं. मी समोर बसलो की हात चालतात."

म्हटलं, "आणि जे चांगले कारागीर आहेत, ते तुम्ही बघायला लागलात की अडखळतात. तेही लक्षात घ्या."

गणितानं पाच-सहा टक्के वाढ सांगितली होती, आली साडेचारपट. मॅडम म्हणतात, गणितच नव्यानं मांडावं लागेल.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आमच्याकडे प्रत्येक पट्टीची आंधळी फेरी करायचा रिवाज आहे. पहारेकऱ्यातून करंट तेवढाच सोडायचा, पण त्याला अशा बिंदूवर ठेवायचं की त्याला इलेक्ट्रॉनचा पत्ताच लागू नये. ऊब तीच, गोंगाट तोच, फक्त बघणं नाही. तेव्हा पट्टीतला करंट जागचा हलता कामा नये. हलला तर ती वाढ बघण्यामुळे नाही, कुठेतरी ऊब किंवा वीज झिरपते आहे. ही फेरी माझ्याकडे असते, कारण मी तंत्रज्ञ. तारा जोडणारीही मी, तपासणारीही मी. आज सकाळी ती मी केली नाही. द्रव हेलियम तळाला गेलं होतं. फेरीला दीड तास लागतो, तेवढ्यात घाईच्या मोजणीला काही उरलं नसतं, आणि हेलियमची पुढची गाडी गुरुवारी. आधीच्या सगळ्या पट्ट्यांना दर वेळी शून्य आलं होतं. मी रकान्यात शून्य लिहिलं आणि सही केली. शून्यच येणार होतं.

मंगळवार, ५ मार्च

मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. गेले कित्येक महिने सोन्याची तार कडेला सरळ आणि मधोमध वाकडी दिसते. भिंग बिघडलंय, दुसरं काय. तो दोन तास स्क्रू फिरवत बसला आणि म्हणाला, "बाई, यंत्र ठणठणीत आहे." मी म्हटलं, केसापेक्षा बारीक तारा मी बावीस वर्षं जोडते आहे, मला शिकवू नकोस. घाई त्याला बाहेर घेऊन गेली, काहीतरी बोलली, आणि आत येऊन म्हणाली, "ताई, आपण नवीन भिंग मागवू." चांगली आहे पोर, माझी बाजू घेते.

मात्र हल्ली ती पट्ट्यांच्या पेट्यांवर नंबर लिहिते ते बोटभर उंच आणि जाड पेनानं. एक पट्टी काय चालली, अक्षरसुद्धा मोठं झालं. मी चिडवलं तर नुसती हसली.

रविवार, १० मार्च

नवीन कपाटाची चौकट मधे फुगली आहे, हे ह्यांना स्पष्ट सांगितलं. तीस वर्षांच्या सुताराला घरात बसून असं सांगणं म्हणजे धाडसच. हे गुण्या घेऊन आले, चारी काटकोन तपासले, कडेनं दोरी ताणून धरली. "हात फिरव." फिरवला. हाताला सरळ लागली. मी म्हटलं, मग लाकूड आता बसलं असेल जागेवर.

"डोळे शेवटचे कधी दाखवलेस?"

"कपाट तुमचं वाकडं आणि डोळे माझे दाखवायचे? नाचता येईना अंगण वाकडं."

एरवी अशा टोल्यावर हे हसतात. आज गुण्या हातात धरून बसून राहिले.

गुरुवार, १४ मार्च

खाई त्याला खवखवे. कुणी काही विचारत नाही, तरी नोंदवहीचं ते पान उलटताना माझा हात उगाच पटपट चालतो. हेलियमची टाकी गरम करून एकतीस नंबर बाहेर काढून पेटीत ठेवली आहे. आज सगळे जेवायला गेल्यावर पेटी उघडली आणि पट्टी मायक्रोस्कोपखाली धरली. तारा चिकटवायच्या चांदीच्या लेपाचे ठिपके जागच्या जागी, तारा जागच्या जागी, वाकड्या दिसल्या पण त्या काय सगळ्याच दिसतात. लेप कुठे ओघळलेला नाही. पहारेकरी आणि पट्टी यांच्यात जागा मोकळी आहे. जिवात जीव आला. फेरी केली नाही हे खरं, पण केली असती तरी शून्यच आलं असतं.

संध्याकाळी घाईनं तीच पेटी काढली. फोटो काढायचे होते, लेखात घालायला. मायक्रोस्कोपला डोळे लावून बराच वेळ बसली. फोटो न काढताच उठली.

"ताई, तुम्ही पाहिली होतीत ही?"

"आजच पाहिली. झकास आहे."

ती हो म्हणाली आणि पेटी बंद केली. मग माझ्या टेबलावरचा दिवा उगाच जवळ सरकवून गेली. चहालाही थांबली नाही.

मंगळवार, १९ मार्च

घाई हल्ली माझ्याशी तोडून वागते. नवीन दोन पट्ट्यांच्या तारा तिनं मला न विचारता स्वतः जोडल्या. मी विचारलं तर म्हणे, सराव करते आहे. जिला चिमटा कसा धरायचा ते मी शिकवलं, तिला आता माझा हात नको झाला.

आज लेख पाठवायची बैठक होती. मॅडम, घाई, मी. घाई मधेच म्हणाली, "मॅडम, थोडं थांबू या का? एकतीसची आंधळी फेरी पुन्हा एकदा करू." असं म्हणताना मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

 माझ्या तोंडातून निघालं ते हे, "केली आहे की. नोंद आहे."

"नोंद आहे ते माहीत आहे ताई. तरी पुन्हा."

मॅडम हसल्या. "अगं, ताईंचं शून्य म्हणजे शून्य. त्यावर मी डोळे मिटून सही करते." आणि केलीही. लेख दुपारी गेला.

बावीस वर्षं कमावलेलं ते एक वाक्य, आणि ते ऐकताना मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. तेव्हाच बोलायचं होतं. दारापर्यंत दोनदा गेले. पण लेख गेला होता, आणि गेलेल्या लेखाचं आता काय करणार, असं मनाशी म्हणत परत आले. घाईनं जाताना विचारलं, "ताई, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, उद्या चांदीचा लेप संपतो आहे, मागवून ठेव.

मंगळवार, २ एप्रिल

दुसऱ्या एका लॅबनं इंटरनेटवर ठेवलेला आमचा लेख वाचून त्यांच्याकडच्या तशाच तयार पट्टीवर मोजणी केली. त्यांना वाढ आली सहा टक्के. म्हणजे जुनं गणित बरोबर आणि आम्ही चूक. त्यांचं पत्र सभ्य आहे, पण शेवटी विचारलंय की तुम्ही आंधळी मोजणी केली होती ना, त्याचे आकडे मिळतील का. मॅडमनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं आणि घाईला आत बोलावून दार लावून घेतलं.

मी बाहेर पाण्याची बाटली भरत उभी राहिले. बाटली भरून वाहायला लागली. आतलं काही ऐकू आलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज मॅडमनी मला बोलावलं. तीन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला आहे. म्हणाल्या, "ताई, तुम्हाला माहीत असायला हवं. एकतीसच्या तारा तिनं जोडल्या होत्या. लेप ओघळून पहारेकऱ्याला टेकला होता, ते तिला दिसलं होतं. आंधळी फेरी मी करते म्हणाली आणि केलीच नाही. तुम्हाला शून्य सांगितलं, तुम्ही विश्वासानं लिहिलंत. स्वतः कबूल केलं तिनं."

 

"घाई केली म्हणे. नावाला जागली." मॅडम असं कधी बोलत नाहीत. "तिचं काम थांबवावं लागेल. पुढच्या आठवड्यात समितीला कळवते. पाच वर्षं, ताई. मी तिला मुलीसारखं वागवलं."

खोटं कशाला लिहू? आधी मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. जिन्यावरून उतरताना पाय हलके पडत होते, याची मला लाज वाटते आहे. खाली आल्यावर मग कळलं की तारा मी जोडल्या होत्या. म्हणजे हे मला माहीत होतंच, पण कुणीतरी दुसऱ्यानं माझं काम स्वतःचं म्हणून सांगितल्यावर ते नीट समजलं. तिनं असं का केलं, ते कळत नाही. माझ्यावर उपकार करायला मी तिची कोण लागते? की तिला खरंच वाटतं तिनं जोडल्या?

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, लॅबमध्ये एका मुलीचं वाटोळं होतंय. कुणामुळे, असं त्यांनी विचारलं. मी ताट उचललं.

सोमवार, ८ एप्रिल

ह्यांनी वेळ घेऊन ठेवली होती, मला न विचारता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. भांडायला जोर नव्हता म्हणून गेले. डॉक्टरनं एक कार्ड पुढे केलं, बारीक चौकटींचं, मधे एक ठिपका. एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात?

मी म्हटलं, कार्ड कुठे वाकलंय का?

हे मागे उभे होते. त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. डॉक्टरनं विचारलं, असं कधीपासून? उत्तर ह्यांनी दिलं. "कपाटाच्या आधीपासून असणार. ही सुईत दोरा मला ओवायला लावते त्याला वर्ष झालं."

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. इंजेक्शनं घेतली तर आहे तेवढं टिकेल, गेलं ते येणार नाही. बारीक काम बंद. डॉक्टरला माझं काम सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "या डोळ्यांनी?"

म्हणजे भिंगाला काही झालं नव्हतं. चौकट सरळ होती. आणि चौदा मार्चला मी लेप ओघळलेला नाही असं पाहिलं ते काय पाहिलं, देव जाणे. घाईनं मात्र पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती जे बघत बसली होती ते हेच. आणि मी तिला झकास म्हणाले.

मी तिला माजलेली म्हणत होते. पेट्यांवरचे बोटभर नंबर ती माझ्यासाठी लिहीत होती.

बुधवार, १० एप्रिल

आज गेले. आधी घाईकडे. ती तिचं टेबल आवरत होती, पुस्तकं खोक्यात भरत होती. मी दार लावलं आणि म्हटलं, "तू मॅडमना खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही खरं सांगत नव्हता म्हणून."

मग बसली. म्हणाली, "रागावलेच होते मी. फार रागावले होते. पण तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. मग मॅडमनी विचारलं तेव्हा तुमचं नाव तोंडातून निघेना. तीन वर्षांत रिटायर व्हायच्या तुम्ही. खोटी नोंद केली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मला दुसरीकडे कुठेतरी पुन्हा सुरुवात करता येईल, तुम्हाला काय येणार."

"हे ठरवायचा हक्क तुला कुणी दिला?"

"कुणी नाही. पण मीही काही साधी नाही, ताई. तुम्हाला दिसत नाही हे मला हे सगळं घडायच्या आधीपासून दिसत होतं. वर्षभर. बोलले नाही, कारण तुमच्याइतक्या पटापट तारा कुणी जोडत नाही, आणि मला पट्ट्या हव्या होत्या. नंबर मोठे काढले, दिवा सरकवला, की झालं, असं वाटलं. मग माझी चूक नाही कशी?"

मी म्हटलं, हेलियम तळाला गेलं नसतं तर मी फेरी केलीच असती.

 "हेलियम होतं ताई. चार तासांचं होतं. मोजणी संपल्यावरही अडीच तास पुरलं."

मी इथे चार मार्चला काय लिहिलंय ते आत्ता भिंग धरून वाचलं. तळाला गेलं होतं असंच लिहिलंय, आणि लिहिताना मला तसंच वाटत होतं. काटा मला चुकीचा दिसला, की फेरीत माझं जोडकाम उघडं पडेल म्हणून मला तो नीट बघायचाच नव्हता, हे मला आज सांगता येत नाही. डोळ्यांवर ढकललं तर सोपं आहे. म्हणून ढकलत नाही.

मॅडमकडे दोघी गेलो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शून्य मी लिहिलं, मोजलं नाही. तारा माझ्या. लेप माझा. बैठकीत विचारलं तेव्हाही खोटं बोलले. या मुलीनं माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी शुक्रवारपासून तिला घेऊ दिलं.  मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी कुणाच्याही सांगण्यावर आता काही लिहिणार नाही. तुमच्याही नाही, हिच्याही नाही. पट्टी टाकीत घाला. फेरी माझ्यासमोर होईल."

मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

टाकी काल थंड झाली. आज सकाळी दहाला तिघी जमलो. हेलियमचा काटा मॅडमनी स्वतः वाचला आणि मोठ्यानं सांगितला. मी पहारेकरी आंधळ्या बिंदूवर आणला. ते बटण हातांना पाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. पण पडद्यावरचे आकडे मला मधे फाटलेले दिसत होते. बावीस वर्षांत मी ते कुणाला वाचायला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "घाई, तू वाच. मला दिसत नाही."

हे वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घाईनं पहारेकरी बंद असतानाचा आकडा वाचला. मग चालू केला, आंधळाच. दर पाच मिनिटांनी एक, असे अठरा आकडे तिनं वाचले, एकाच आवाजात, कुठे न थांबता. मला वहीत बघायची गरज नव्हती. पहिल्या आकड्यालाच कळलं. करंट साडेचारपट. पहारेकरी काही बघत नव्हता आणि पट्टीत वीज तेवढीच चढत होती, कारण ती बघण्यातून येतच नव्हती. माझ्या चांदीच्या एका ओघळातून येत होती.

पाच वर्षांचं काम त्या अठरा आकड्यांत गेलं. मॅडम उठल्या. लेख आज मागे घेतील, कारणासकट. माझी चौकशी होईल, तोवर तारांना हात लावायचा नाही. घाईचं काम थांबणार नाही, पण सुरुवातीपासून पट्ट्या कराव्या लागतील, किमान दीड वर्ष जास्त. तिनं ऐकून घेतलं आणि "हो" म्हणाली. रडली नाही. मला तिच्यासमोर रडायचा हक्क नव्हता, तरी डोळे भरले, आणि होतं तेवढंही दिसेनासं झालं.

मॅडम म्हणाल्या, "नोंद करा आणि दोघींनी सह्या करा." घाईनं वही ओढली. तारीख, पट्टी एकतीस, आंधळी फेरी, साडेचारपट. लिहिताना मोठ्यानं वाचत गेली. मग स्वतःची सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी पान जवळ घेतलं, लांब धरलं, मान तिरपी करून पाहिलं. रकाने मधेच बुडालेले. सही कुठे करायची ते सापडेना.  माझा हात धरून तिनं पेनाचं टोक कागदावर एका जागी आणून ठेवलं.

"इथे, ताई."

मी सही केली. ती रेघेवर पडली की रेघेच्या खाली गेली, मला कळलं नाही. विचारलं, बरोबर आहे का. ती म्हणाली, बरोबर आहे. मी तिच्या शब्दावर वही मिटली.